विमानाआधीचा एक दिवस

आमच्या गावाहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र जवळ नाही. पवनीच्या पुढे वैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. पाणी मात्र पाचवीला पूजलेलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या साऱ्या झाडीपट्टीत गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ ठरले. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. आम्ही ढीवर. तलावात शिंगाडा लावायचा, मासोळी धरायची, जाळं बुडातल्या खुंटाला अडकलं तर दम धरून खाली जायचं आणि सोडवून आणायचं, हे आमच्या घरचं काम. नदीत कुणी बुडालं तर गावोगावचे लोक आधी आमच्या आळीत येतात. बाबांनी वैनगंगेच्या गढूळ पाण्यातून किती जणांना बाहेर काढलं असेल, ते बोलत नाहीत. त्यांच्याकडे पाण्याखाली बघायला कधी साधा मास्कसुद्धा नव्हता. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अशा ढीवरांना सरकारने निदान मास्क, दोर आणि थोडं शिक्षण द्यावं, असं मला फार वाटतं. तो विषय पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

मी अंदमानात स्कूबा डायव्हिंग शिकवते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिकडचा हंगाम. पावसाळा लागला की समुद्र खवळतो आणि मी रोवणीला घरी येते. येताना माझं सगळं सामान घेऊन येते. त्याला कारण आहे. बेटावर गोडं पाणी जपून वापरावं लागतं आणि या सामानाचा खरा वैरी मीठ. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या रेग्युलेटरच्या आत, पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या बीसीडी जाकिटाच्या शिवणीत, चाकूच्या मुठीत मिठाचे बारीक खडे बसतात आणि हळूहळू रबर, धातू खातात. घरी विहिरीचं पाणी हवं तेवढं. टबात सामान भिजत घालायचं, पाणी बदलायचं, पुन्हा भिजत घालायचं, मग पडवीच्या सावलीत दोरीवर टांगायचं. वेटसूट, म्हणजे बुडी मारताना घालायचा रबरी पोशाख, उन्हात टाकला की कडक होतो, म्हणून सावली. आळीतली पोरं दोरीवरच्या त्या काळ्या माणसाला बघायला येतात.

पोळा झाला की परत निघायचं. सकाळच्या एसटीने पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूर आणि तिथून सोनेगावचं विमानतळ. गेली कित्येक वर्षं मी हे सामान घेऊन विमानतळाच्या दारातून जाते आहे. नागपुरात समुद्राचं सामान बघून लोकांना नवल वाटतं. मला त्या नवलाचा कधी राग येत नाही. चौकशी करणारा माणूस आपलं काम करत असतो, आणि मला या सामानाबद्दल बोलायला आवडतं.

पहिला प्रश्न गावात आणि विमानतळावर एकच असतो. बाबांनीही तोच विचारला होता. “मंग थे टाकी कोठं आहे?”

टाकी मी नेत नाही. सहसा कुणी नेत नाही. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या टाकीत 11 लिटरची जागा असते. तीत 200 बार दाबाने हवा कोंडली की बाहेरच्या मापाने ती सुमारे 2,200 लिटर भरते. मोटारीच्या चाकात जेमतेम दोन-सव्वादोन बार असतो, यावरून त्या टाकीतल्या दाबाची कल्पना यावी. अशी भरलेली टाकी प्रवाशाच्या सामानात चालत नाही. रिकामी असेल, व्हॉल्व्ह पूर्ण काढलेला असेल आणि आतलं दिसेल अशी उघडी असेल, तर आंतरराष्ट्रीय नियम थोडी वाट ठेवतात. तरी विमान कंपनीने होकार द्यावा लागतो. शिवाय नुसती टाकीच 14 किलोच्या घरात जाते आणि देशातल्या बहुतेक साध्या तिकिटांवर सामानाची मर्यादा 15 किलो असते. टाकी आणि शिशाची वजनं जिथे बुडी मारायची तिथेच मिळतात. हवा तिथली, वजन तिथलं. आपण न्यायचं ते श्वासाला वाट करून देणारं सामान.

आणखी एक. त्या टाकीत निव्वळ ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता घेतो आहोत तीच हवा गाळून, कोरडी करून दाबलेली असते. कुणी विचारलं तर मी नेहमी ‘हवा’ म्हणते. ऑक्सिजन म्हटलं की समोरच्या जवानाच्या डोक्यात रास्तच दुसरी काळजी सुरू होते.

रेग्युलेटर मी हातातल्या बॅगेत घेते. नळ्या, पितळेचे जड गोळे, घड्याळासारख्या काचेचा दाबमापक, सगळं एकात एक गुंतलेलं. क्ष-किरणाच्या पडद्यावर ते कसं दिसत असेल हे मला कुणी सांगायला नको. 7 किलोंतले तीन-चार किलो तिथेच जातात, तरी ते मी मालाच्या पोटात टाकत नाही. पाण्याखाली माझा आणि माझ्या शिकाऊ मुलांचा जीव त्यावर असतो, आपटलं तर चालायचं नाही. म्हणून बॅगेत ते सर्वांत वर, एकट्याच्या पिशवीत ठेवते. बॅग बाजूला काढली गेली की स्वतःहून पिशवी उघडायची, तोंडात धरायचा भाग वेगळा दाखवायचा, नळीची दोन्ही टोकं दाखवायची. मग माझ्या हाताला काही काम उरत नाही. नागपूरला एकदा सीआयएसएफच्या, म्हणजे विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय दलाच्या, एका ताईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “इसमें से साँस कैसे आती है?” मी सांगितलं. टाकीतला 200 बार पहिल्या टप्प्यात साधारण दहाएक बारवर येतो आणि दुसऱ्या टप्प्यात, तोंडापाशी, भोवतालच्या पाण्याइतका होतो. आपण ओढू तेवढीच हवा येते. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यान या दोघांनी हे यंत्र जमवलं आणि माणूस मोकळा पाण्याखाली हिंडू लागला. त्या ऐकत राहिल्या. मागे रांग होती म्हणून मी आवरतं घेतलं, नाहीतर बोलत बसले असते.

त्या खाकी गणवेशाबद्दल मला आदर आहे. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला पळवून नेलं गेलं. त्यानंतर 2000 मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा एकेक करत या दलाकडे आली. ज्या रांगेत आपण दहा मिनिटं उभं राहायला कुरकुरतो तिच्यामागे माणसांचे जीव आहेत.

बाकीचं सामान मालात जातं. चाकू म्यानात घालून, कपड्यात गुंडाळून. हा चाकू कशाला, असं बाबांनी विचारलं तेव्हा मला सांगणं जड गेलं होतं. समुद्रात सुटून गेलेली जाळी प्रवाळावर अडकतात, त्यांत कासवं अडकतात, कधी आम्हीही, ती कापायला. जाळं विणणाऱ्या माणसाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सुटलेलं जारं कोनाचंच नसते. काप.”

टॉर्चची गोष्ट वेगळी. पाण्यात ती थंड राहते, पण बॅगेत कपड्यांच्या घडीत चुकून चालू झाली तर भयंकर तापते. म्हणून बॅटरी काढून वेगळी करायची. सुटी लिथियम बॅटरी मालात कधीच टाकायची नाही, ती हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. शंभर वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला परवानगी लागत नाही. त्यावर 160 पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं आणि त्या दोनच नेता येतात. कारण सरळ आहे. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये कुणाला तरी ते दिसेल आणि विझवता येईल. मालाच्या पोटात तिच्याजवळ कुणी नसतं.

मायला हे पटलं ते खोबऱ्यामुळे. मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी आणि खोबऱ्याच्या वाट्या हे ती दर वर्षी बांधून देते. सुकं खोबरं विमानाच्या नियमांत धोकादायक मालात मोडतं. त्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. भिवापुरी मिरचीचं तिखटही हातातल्या बॅगेत चालत नाही; डोळ्यांत फेकलं तर काय होतं हे आमच्याकडच्या लेकराला ठाऊक आहे. तिखट मालात जातं, खोबरं घरी राहतं.

इथवरचं सगळं शिकता येतं. दोन-तीन प्रवास झाले की बॅग सवयीने भरता येते. मला लिहायचं आहे ते त्या तपासणीबद्दल, जी कुठल्याच विमानतळावर होत नाही.

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. 18 मीटरवर, जिथवर नवशिक्याला जाता येतं, श्वासातली हवा जवळजवळ पावणेतीन पट दाबाची असते. हवेतला 78 टक्के नायट्रोजन शरीराला काही कामाचा नाही, पण दाब वाढला की तो रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. दाबाखालचा वायू द्रवात त्या प्रमाणात विरघळतो, हे विल्यम हेन्रीने 1803 सालीच मांडलं होतं. वर येताना तो फुप्फुसावाटे हळूहळू निघून जायला हवा. घाई केली तर त्याचे रक्तातच बुडबुडे होतात. जत्रेतल्या सोड्याच्या बाटलीची गोटी दाबली की पाण्यात दिसत नसलेला वायू एकदम उसळतो, तसं. सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात, वाईट झालं तर कमरेखालचं अंग लुळं पडतं. 1908 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून वर यायच्या वेगाचे पहिले तक्ते दिले, तेव्हापासून हे शास्त्र पुढे सरकत आलं.

पाण्यातून बाहेर आलं तरी नायट्रोजन पुरता गेलेला नसतो. तो जायला तास लागतात. आणि विमानात आपण पुन्हा वर चढतो. विमान 35,000 फुटांवर असताना केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या उंचीवर असते तशी ठेवलेली असते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. केबिन तिच्याही वरची. दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशावर येतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असेल तर बुडबुडे तिथे, खुर्चीला पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या अंगात सुरू होतात. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या, डायव्हरांची सुरक्षा बघणाऱ्या संस्था सांगतात: एकच साधी बुडी असेल तर निदान 12 तास विमानात बसू नका, बऱ्याच बुड्या किंवा लागोपाठ दिवस असतील तर निदान 18 तास. डीकंप्रेशनचे थांबे, म्हणजे नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना मध्येच थांबणं, घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. आमच्याकडे सरसकट 24 तासांची शिस्त आहे. बुड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मनगटावरच्या घड्याळावर, म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटरवर, विमानाचं छोटं चिन्ह येतं. ते जाईपर्यंत जमीन सोडायची नाही.

आजी गेली तेव्हा माझ्या घड्याळावर ते चिन्ह होतं.

त्या दिवसांत मी पोर्ट ब्लेअरजवळ चिडिया टापूला शिकवत होते. सलग काही दिवस सकाळ-दुपार बुड्या चालल्या होत्या. शेवटची बुडी दुपारी चारला संपली. सहाच्या सुमाराला भावाचा फोन आला. आजी दुपारी गेली. उद्या माती आहे, निघ.

पहाटेचं विमान होतं. तिकीटही मिळत होतं. ते पकडलं असतं तर शेवटच्या बुडीला पंधरा तासही झाले नसते, आणि त्या बुडीमागे कित्येक दिवसांच्या बुड्या होत्या. मी कागदावर तास मांडले, पुन्हा मांडले. कागद बदलला नाही. आजीने मला पाण्यात टाकलं होतं. मामा तलावाच्या पाळीवरून कमरेला लुगड्याचा पदर बांधून तिने मला पोहायला शिकवलं. तिच्या मातीला मी नसणं, हे मला कसंही करून नको होतं. खोलीत माझी मैत्रीण होती, तीही शिकवणारी. ती काही बोलली नाही. तिने फक्त माझं घड्याळ टेबलावर ठेवलं, चिन्ह दिसेल असं.

भावाला मी फोन करून सांगितलं की उद्या येत नाही, परवा येते. त्याने विचारलं, विमान नाही का? विमान आहे, म्हणाले. मग? मी म्हणाले, माझ्या रक्तात अजून हवा आहे. फोनवर मागे बायांचं रडणं ऐकू येत होतं. त्याने फोन बाबांना दिला. बाबांनी एवढंच विचारलं, “जिवाले धोका आहे का?” आहे, म्हणाले. “मंग येऊ नको. म्हातारीले आमी पाहून घेतो.”

तो एक दिवस मी जमिनीवर बसून काढला. डायव्हिंग नाही, धावपळ नाही, पाणी भरपूर प्यायचं. दुसरं करायला काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर गेले. माझी बॅग बाजूला काढली गेली, मी नेहमीसारखी उघडली, रेग्युलेटर दाखवला. अधिकाऱ्याने बारकाईने पाहिलं, जाऊ दिलं. विमानाच्या दारापर्यंत कुणी मला विचारलं नाही की तू शेवटची पाण्यातून कधी वर आलीस. कुणी विचारणारही नव्हतं. त्यांच्या यंत्राला लोखंड दिसतं, बॅटरी दिसते, द्रव दिसतो. रक्तात काय विरघळलं आहे ते दिसत नाही. पहाटेच्या विमानाला गेले असते तरी त्या सगळ्या दारांतून मी अशीच सरळ आत गेले असते. तेव्हापासून मला वाटतं की विमानतळावरची तपासणी ही अर्धीच आहे. डायव्हरने उरलेली अर्धी स्वतःच्या अंगावर घ्यायची, आणि ती कुणी बघत नसताना घ्यायची.

तेरवीला मी घरी होते. तलावावर गेले. आळीतल्या काहींना माझं न येणं रुचलं नव्हतं, ते त्यांनी तोंडावर सांगितलं. मी त्यांना समजावत बसले नाही. बाबांनी समजावलं, त्यांच्या शब्दांत, मी ऐकलं नाही काय ते.

आता बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, परतीचं विमान कधी. नागपूर, अमरावती, यवतमाळहून येणारी माणसं माझी बोली ऐकून खूश होतात आणि मग या प्रश्नाने नाराज. तीन रात्री चार दिवसांच्या सहलींत समुद्र बहुधा शेवटच्या सकाळी ठेवलेला असतो आणि दुपारी विमान. अशांना मी पाण्यात नेत नाही. पैसे बुडतात, नवरा-बायकोत कुरबूर होते, एखादी काकू म्हणते, “अवं, थोडंसंच तर जायचं आहे.” थोडंसं असलं तरी विमानाआधी निदान 12 तास जावे लागतात. सहल ठरवणाऱ्यांनी ही बुडी पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवायला काय हरकत आहे? त्यांना वेळापत्रक उलटं करायचं आहे, एवढंच. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या आपल्या लोकांनाही हे सांगायला हवं. तिथून कुणी विमानाने येवो न येवो, गाडीने देशावर परतायचं तर घाट चढावाच लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर आहे आणि हे तासांचे नियम 600 मीटरच्या वर गेलं की लागू होतात. सकाळी बुडी मारून दुपारी घाट चढणारे पुष्कळ असतात. चढायच्या आधी खाली एक रात्र काढा, मासे खा, किनाऱ्यावर बसा. शिकवणाऱ्याने सांगितलं नसेल तर त्याला विचारा.

मागच्या वर्षीपासून बाबा घड्याळावरचं ते चिन्ह ओळखतात. कॉम्प्युटर घरी चार्ज करायला लावला की त्यांना तो हातात घेऊन बघायचा असतो. ते विमानाचं चिन्ह नाहीसं कसं होतं, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावलं. हॉल्डेनच्या शेळ्यांबद्दल ऐकून मात्र ते नाराज झाले. शेळ्यांचं काय झालं, हे विचारून घेतलं. काही मेल्या, म्हणाले मी. बराच वेळ ते त्यावरच बोलत होते.

या तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या भावाचं लग्न आहे. हंगाम ऐन भरात असतो, मला मधूनच यावं लागेल. तारीख धरायला मंडळी बसली तेव्हा बाबांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि सोयऱ्यांना आधी माझा हिशेब सांगितला. “पोरीचा एक दिवस बसाचा असते. थो धराच लागते.” मुलीकडच्यांनी विचारलं, बसाचा म्हणजे? बाबांनी सांगितलं. शेवटच्या बुडीपासून मोजलं, मग विमान, मग एसटी. हळदीची तारीख एक दिवस पुढे गेली. गुरुवारी मी पाण्याबाहेर येणार, शुक्रवारी बसणार, शनिवारी चेन्नईमार्गे नागपूर, रविवारी हळद. तिकीट काढून झालं आहे. सामान तिकडेच ठेवून येईन, यावेळी फक्त हातातली बॅग.